बंपर, क्लॅडिंग, हेडलाइट: उन्हापासून गाडीचं प्लास्टिक कसं वाचवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी गाडी घेतली आहे आणि ती कायम उघड्यावरच उभी राहणार आहे. घरातल्या जुन्या गाडीचा बंपर, चाकांवरचं काळं क्लॅडिंग (चाकाभोवतीचं जाड प्लास्टिकचं आवरण) आणि वायपरखालची जाळी पांढरट पडली आहे, हेडलाइट पिवळे झाले आहेत. नव्या गाडीचं तसं होऊ नये म्हणून काय लावायचं, किती वेळा लावायचं, सिरॅमिक कोटिंगवर (लावल्यावर वाळून कडक होणाऱ्या पातळ थरावर) खर्च करण्यात अर्थ आहे का, आणि जुन्या गाडीचं आता काही होऊ शकतं का?

मी डिटेलिंगचं, म्हणजे गाडी बारकाईने साफ करून तिची निगा राखण्याचं काम करतो आणि हा प्रश्न माझ्यासमोर रोज येतो. आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. प्लास्टिक काळंभोर दिसायला लावणं हे एक काम आहे आणि प्लास्टिक वाचवणं हे दुसरं. बाजारातल्या बहुतेक बाटल्या पहिलं काम छान करतात. दुसरं काम सावलीने, नीट धुण्याने आणि वेळच्या वेळी पुन्हा चढवलेल्या थराने होतं. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस वर्षानुवर्षं चकाकी विकत घेत राहतो आणि खालचं प्लास्टिक मात्र झिजतच जातं.

रंग न दिलेलं काळं प्लास्टिक बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनचं असतं. लवचीकपणासाठी त्यात रबर आणि कडकपणासाठी टाल्कची पूड घातलेली असते. काळा रंग वरून मारलेला नसतो, कार्बन ब्लॅक त्या मालातच मिसळलेला असतो. सूर्यप्रकाशातले साधारण २९० ते ४०० नॅनोमीटरचे अतिनील किरण पॉलिप्रॉपिलीनच्या लांब साखळ्या कमकुवत करतात, तिथे हवेतला ऑक्सिजन शिरतो आणि साखळी तुटते. तुटताना सुटे झालेले मूलक (लगेच दुसऱ्याशी क्रिया करणारे तुकडे) शेजारच्या साखळीला धरतात आणि क्रिया पुढे सरकते. कारखान्यात मिसळलेले स्टॅबिलायझर हे मूलक पकडत असतात, पण त्यांचा साठा हळूहळू संपतो, आणि तो आधी वरच्या थरातच संपतो. उष्णतेने हे सगळं आणखी वेगात होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि कडक उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं काळं प्लास्टिक ७० अंश सेल्सियसच्या घरात सहज जातं.

जुन्या गाडीचं पांढरं पडलेलं क्लॅडिंग एकदा भिंगातून बघा. दाणेदार पोताच्या खोबणींत बारीक चिरांचं जाळं दिसेल. प्रकाश त्या चिरांवर विखुरतो, म्हणून प्लास्टिक पांढरट दिसतं. वरचं प्लास्टिक झडत गेलं की आतली पूड उघडी पडते, तीच बोट फिरवल्यावर पांढरी होऊन लागते. काळा रंग मात्र खाली तसाच असतो. त्यावर पाण्याचा थेंब टाका, तेवढा ठिपका लगेच काळा होईल, कारण पाण्याने चिरा भरल्या आणि प्रकाश विखुरायचा थांबला. थेंब वाळला की पुन्हा पांढरं. तेलकट ड्रेसिंग (प्लास्टिकवर चोळायचं, काळेपणा आणणारं द्रव्य) लावल्यावर जो कायापालट दिसतो तो नेमका हाच असतो, फक्त तेल पाण्यापेक्षा उशिरा उडतं.

आणखी एक पुरावा तुमच्या जुन्या गाडीवरच मिळेल. बंपरवर वर्षानुवर्षं चिकटलेला एखादा स्टिकर असेल तर तो हळूच काढून बघा. खालची जागा बहुतेक वेळा जवळपास नव्यासारखी काळी निघते. प्लास्टिकचं वय तेच, तापणंही जवळपास तेच, फक्त प्रकाश तिथे पोचला नाही. प्रकाश अडवणं किती मोलाचं आहे हे मी गिऱ्हाइकाला असंच दाखवतो, बाटली नंतर.

गाडीवरचं सगळंच प्लास्टिक सारखं नसतं. दाणेदार काळे भाग वर सांगितलेल्या जातीचे. गाडीच्याच रंगात रंगवलेल्या बंपरवर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर असतो, त्यामुळे त्याची निगा बॉनेटसारखीच, म्हणजे वॅक्स किंवा सिलंट (वॅक्ससारखाच वरून लावायचा कृत्रिम थर). दोन दारांमधल्या खांबांवरची चकचकीत काळी पट्टी उन्हाला बऱ्यापैकी टिकते, पण ओरखडे फार लवकर पकडते. तिथे कोरडं फडकं कधीच फिरवू नका. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची असते, तिची गोष्ट वेगळी आणि ती शेवटी सांगतो.

नव्या गाडीकडे येऊ. सुरुवात धुण्यापासून. प्लास्टिकचं अर्धं नुकसान चुकीच्या धुण्याने होतं असं माझं ठाम मत आहे. धुवायला सामू (पीएच) उदासीन असलेला, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा कार शाम्पू घ्या. कपड्यांची पावडर, भांड्यांचा तीव्र साबण, इंजिनचा डीग्रीझर, चाकांसाठीचं आम्लयुक्त क्लीनर हे प्लास्टिकवर वारंवार पडलं की वर लावलेला थर निघून जातो आणि पोतात डाग बसतात. गाडी तापलेली असताना धुऊ नका. बॉनेटवर तळहात ठेवा, सहज ठेवता येत नसेल तर थांबा. तापलेल्या प्लास्टिकवर शाम्पू आणि क्षारयुक्त पाणी वाळलं की जे पांढरे ठिपके राहतात, त्यांना लोक ऊन लागल्याच्या खुणा समजतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसलं की ते बहुतेक निघतात, नंतर भरपूर पाण्याने धुवायचं.

दाणेदार प्लास्टिक फडक्याने साफ होत नाही, घाण खोबणीत तशीच राहते. मऊ केसांचा ब्रश लागतो. ऑल पर्पज क्लीनर १ भागाला १० भाग पाणी या प्रमाणात पातळ करा, ब्रशवर घ्या, गोल गोल हलक्या हाताने घासा आणि वाळू न देता धुऊन टाका. फेस आधी तपकिरी निघतो. तो पांढरा निघेपर्यंत दोन-तीनदा करा. नव्या गाडीवरसुद्धा पहिल्यांदा तपकिरीच निघतो, कारण रस्त्यावरचा तेलकट थर काही दिवसांतच बसतो. मेलॅमाइनचा पांढरा स्पंज मात्र वापरू नका. तो मुळात घासणारा पदार्थ आहे, दाण्यांची टोकं त्याने झिजतात आणि तो पट्टा कायमचा वेगळा चमकतो.

पॉलिश किंवा वॅक्सचे पांढरे डाग हे निराळं दुखणं. बॉनेटला वॅक्स करताना वायपरखालच्या जाळीवर आणि आरशाच्या मुळाशी ते हमखास लागतं. खोबणीत वाळलं की धुऊन निघत नाही. साधं पांढरं खोडरबर त्यावर चांगलं चालतं. डागावर घासा, कण झटका, मग क्लीनर आणि ब्रश. खरा उपाय आधीच करायचा: पॉलिशिंगच्या आधी कडेच्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावायची. ज्या कामगाराने टेप न लावताच मशीन हातात घेतलं, त्याच्याकडून गाडी करून घेऊ नका.

आता काय लावायचं. तीन प्रकार आहेत.

पहिलं ड्रेसिंग. यात पाण्यावर आधारलेलं आणि पेट्रोलियम सॉल्व्हंटवर आधारलेलं असे दोन गट. सॉल्व्हंटवालं जास्त चमकतं, पण तेलकट राहतं, धूळ ओढतं, आणि त्यातलं सॉल्व्हंट पॉलिप्रॉपिलीनमध्ये व त्यात मिसळलेल्या रबरात थोडं मुरून ते फुगवतं. टायरसाठीचं चमकदार द्रव्य याच गटातलं असतं, ते बंपरवर नको. पाण्यावर आधारलेलं, मॅट किंवा सॅटिन दिसणारं आणि अतिनील शोषक असल्याचं स्पष्ट लिहिलेलं ड्रेसिंग घ्या. ते ३ ते ६ आठवडे टिकतं, सततच्या पावसात त्याहून कमी. नुसतं सिलिकॉन तेल अतिनील किरणांना जवळपास पारदर्शक असतं. त्यामुळे सिलिकॉन आहे एवढ्यावर संरक्षण मिळालं असं धरू नका.

दुसरा प्रकार रंगकण असलेला, ज्याला ट्रिम रिस्टोरर म्हणून विकतात (ट्रिम म्हणजे हेच बाहेरचं काळं प्लास्टिक). तो पांढऱ्या पडलेल्या भागासाठी, त्याबद्दल पुढे.

तिसरं सिरॅमिक कोटिंग. याच्याबद्दल जाहिराती फार मोठ्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ट्रिमवरच्या कोटिंगचा थर वाळल्यावर साधारण एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा, आणि पीपीएफ ही वरून चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची. प्रकाश शोषणं हे थराच्या जाडीवर आणि त्यातल्या शोषकाच्या प्रमाणावर अवलंबून असतं. एका मायक्रॉनच्या थराने क्लिअर कोटाइतका अतिनील प्रकाश अडवावा ही अपेक्षाच चुकीची. पाणी थेंबाथेंबाने ओघळतंय याचाही अतिनील संरक्षणाशी काही संबंध नाही, तो पृष्ठभागाचा वेगळा गुण आहे.

तरीही नव्या गाडीच्या दाणेदार प्लास्टिकला मी कोटिंग करून देतो आणि तुम्हालाही करा असंच सांगेन. ते खोबणींवरही थर चढवतं, त्यामुळे घाण, वॅक्स आणि क्षार आत घट्ट बसत नाहीत. कडक घासायची वेळच येत नाही. झिजायचं ते आधी कोटिंग झिजतं. अतिनील प्रकाशही काही प्रमाणात कमी होतो. आणि साधारण वर्ष ते दोन वर्षं पुन्हा पुन्हा लावत बसावं लागत नाही. जो माणूस महिन्याला ड्रेसिंग लावायचा कंटाळा करणार आहे, त्याच्यासाठी कोटिंग जास्त चांगलं. जो दर महिन्याला न चुकता लावतो, त्याचं ड्रेसिंगवरही उत्तम चालतं.

कोटिंग घरी करता येतं, पण तयारीत कसर चालत नाही. ब्रशने घासून धुतल्यावर भाग पूर्ण वाळू द्या. खोबणीत आणि सांध्यात पाणी लपून बसतं, ब्लोअर असेल तर वापरा, नसेल तर सावलीत तासभर थांबा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसा, म्हणजे कारखान्यातलं किंवा शोरूममधलं ड्रेसिंग निघेल. नव्या गाडीवर ते असतंच. निघालंय की नाही हे पाहायला थोडं पाणी शिंपडा. ते सगळीकडे सारखंच दिसलं पाहिजे. काही जागी पसरतंय आणि काही जागी गोळा होतंय असं दिसलं तर तिथे तेल शिल्लक आहे, पुन्हा पुसा.

तापमान १५ ते ३० अंश, सावली, हातात ग्लोव्ह. स्पंजच्या पॅडवर काही थेंब घ्या आणि हाताएवढाच भाग एका वेळी करा, आडवं एकदा, उभं एकदा. आता प्रकाश तिरका पडेल असं उभं राहून बघा. ओला पट्टा गडद दिसतो आणि कडेला जाड रेघ जमते. मिनिट-दोन मिनिटांत मायक्रोफायबरने ती रेघ हलकेच टिपून सारखी करायची. ती तशीच वाळली तर कायमचा चमकदार ओघळ राहतो आणि काढायला घासावं लागतं. तासाभराने दुसरा हात. त्यानंतर किमान १२ तास, जमलं तर २४ तास पाणी लागू देऊ नका, आणि आठवडाभर शाम्पू नको. बाटलीवरच्या सूचना वेगळ्या असतील तर त्या पाळा.

वायपरखालच्या जाळीला सगळ्यात जास्त वेळ द्या. ती आकाशाकडे तोंड करून असते, तिच्यावर दिवसभर थेट ऊन असतं, बॉनेटखालची उष्णता असते, वर पानं आणि धूळ साचते. गाडीचं पहिलं पांढरं पडणारं प्लास्टिक बहुतेक वेळा हेच. उन्हाने ठिसूळ झाली की एखाद्या कामासाठी ती काढताना क्लिपसकट तुटते. तिच्यासाठी मी दोनाऐवजी तीन हात देतो.

पीपीएफबद्दलही विचारतात. प्रकाश अडवण्यात ती या सगळ्यांत वरचढ, पण दाणेदार पॉलिप्रॉपिलीनवर ती नीट चिकटत नाही, कडा उचलतात. चकचकीत खांब, रंगवलेला बंपर आणि हेडलाइट यांवर मात्र जरूर लावा.

उघड्यावर उभं करण्याबद्दल. नुसतं छप्पर असलं तरी फरक मोठा पडतो. सावलीतही आकाशातून पसरलेला अतिनील प्रकाश येतो, ढगाळ दिवशीही येतो, पण थेट ऊन टळल्याने प्लास्टिक तापत नाही हा दुहेरी फायदा. झाडाची सावली मिळाली तर घ्या, मात्र चीक आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी ओल्या फडक्याने काढा. छप्पर नसेलच तर गाडी रोज एकाच दिशेला तोंड करून लावू नका. अशा गाड्यांची एकच बाजू पांढरी पडलेली मी पुष्कळदा पाहतो. कव्हर घालायचं तर हवा खेळणारं, आतून मऊ, आणि धुतलेल्या गाडीवरच. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलतं आणि आरशांच्या व बंपरच्या कडा घासून काढतं.

आता जुनी गाडी. पाण्याच्या थेंबाची परीक्षा आधी घ्या. थेंबाखाली काळं दिसत असेल तर वाव आहे. नखाने हलकं ओढल्यावर पापुद्रा निघत असेल किंवा चिरा नुसत्या डोळ्यांनी दिसत असतील तर त्या भागावर कष्ट घेऊ नका, नवा बसवा. तुटलेल्या साखळ्या जोडणारी कुठलीही बाटली नाही.

वाव असेल तर घासून स्वच्छ करा, अल्कोहोलने पुसा आणि रंगकण असलेलं ट्रिम रिस्टोरर लावा. काळे रंगकण प्रकाश स्वतःच अडवतात, म्हणून पांढऱ्या भागावर मला ते पारदर्शक द्रव्यापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. थेंबभर पुरतं. जास्त लावलं की हाताला आणि कपड्याला काळं लागत राहतं. ते पूर्ण वाळल्यावर त्यावर पारदर्शक थर दिला तर आणखी टिकतं, पण दोन्हींचं जमतं की नाही हे एका कोपऱ्यात आधी पाहून घ्या.

हीट गनची युक्ती बरेच जण सुचवतात. तिने खरंच काळं होतं, कारण वरचा थर वितळून चिरा मिटतात. पण पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळतं आणि गनमधून ३०० ते ५०० अंशांची हवा येते. क्षणभर जास्त थांबलात की दाणे सपाट होतात, शेजारचा रंग फुगतो. शिवाय संपलेले स्टॅबिलायझर उष्णतेने परत येत नाहीत, म्हणून काही महिन्यांत पुन्हा पांढरं पडतं आणि या वेळी थर आणखी कमजोर असतो. मी हे गिऱ्हाइकाच्या गाडीवर करत नाही. डिझेल, रॉकेल, बूट पॉलिश, खाद्यतेल यांनाही माझा नकार. डिझेल आणि रॉकेल रबर फुगवतात, तेल चिकट होऊन धूळ धरतं, आणि नंतर चांगला थर लावायचा झाला तर ते खोबणीतून काढणं हेच मोठं काम होतं.

रंगवायचं ठरवलं तर लक्षात ठेवा, पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहजी चिकटत नाही, आधी ॲढिजन प्रमोटर, म्हणजे रंग धरून ठेवणारं अस्तर लागतं. आणि त्यावर कधी सिलिकॉन लावलं असेल तर रंगाऱ्याला आधीच सांगा. सिलिकॉनचा अंश राहिला की ताज्या रंगात गोल खड्डे पडतात आणि सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं.

शेवटी हेडलाइट. पॉलिकार्बोनेट मजबूत असतं, पण अतिनील प्रकाशाने पिवळं पडतं, म्हणून कारखान्यातच त्यावर कडक संरक्षक थर दिलेला असतो. पिवळेपणा आणि धुरकटपणा म्हणजे तो थर संपला. टूथपेस्टने घासल्यावर उजळतं कारण ती बारीक घासते, पण त्यात उरलासुरला थरही जातो आणि थोड्याच महिन्यांत आधीपेक्षा वाईट दिसतं. नीट काम म्हणजे कडेला टेप लावून ८००, मग १५००, मग ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी सोडत घासणं, प्रत्येक टप्प्यावर आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत, मग पॉलिश, अल्कोहोल आणि लगेच अतिनीलरोधक टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून कडक होणारा पारदर्शक थर). टू-के क्लिअरमधला हार्डनर श्वासातून जाणं धोक्याचं, योग्य मास्क आणि मोकळी हवा नसेल तर ते काम रंगाऱ्याकडे द्या. हेडलाइटला थिनर, ॲसिटोन, पेट्रोल किंवा अमोनिया असलेलं काचेचं क्लीनर लागू देऊ नका, पॉलिकार्बोनेटला आतून बारीक तडे जातात आणि ते घासून निघत नाहीत. क्लिअरचा डबा किंवा पीपीएफ हातात येईपर्यंत घासायला सुरुवातच करू नका. घासलेलं उघडं पॉलिकार्बोनेट एक दिवसही उन्हात ठेवायचं नाही.